डावखुऱ्याची रायफल

चाचांनी माझ्या हातची पहिली पोळी खाण्याआधी मोजली होती. शर्टाच्या खिशात पेन असावं तसा त्यांच्याकडे जाडी मोजायचा व्हर्नियर असायचा. तो काढला, पोळी दोन ठिकाणी चिमटीत धरली आणि म्हणाले, "मधी अडीच, कडेला तीन मिलिमीटर. हात एकसारका नाय तुझा, बियेस्सी." मग त्याच पोळीबरोबर भेंडीची भाजी दोनदा मागून घेतली.

बियेस्सी हे माझं नाव नाही. पण बहारीनच्या झिंज भागातल्या त्या तीन मजली इमारतीत त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. चूक माझीच. कुवेतची लढाई संपल्यावर वर्षभरात मी लग्न होऊन बहारीनला आले. "तू काय करतेस?" असं त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, "बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री." हे काही करणं नव्हे, एवढी अक्कल तेव्हा नव्हती. वडील सोलापूरला मागावर, आई विड्या वळायची. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला, आणि हे मी आजही कोणी न विचारता सांगते. फॅमिली व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून ती पदवी कपाटात पासपोर्टाशेजारी पडून होती. तिचा पहिला उपयोग रानडुकरं मारायला होईल असं विद्यापीठाला सुद्धा वाटलं नसेल.

चाचा गच्चीवरच्या एका खोलीत राहायचे. दापोलीकडच्या एका गावचे. तरुणपणी बोटीवर खलाशी होते, नंतर इथल्या जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये लोखंड कातायच्या लेथवर लागले आणि फोरमन झाले. शिक्षण सातवी नापास. बायको आणि जमीन गावाला. तीस वर्षं परदेशात काढलेल्या माणसाच्या खोलीत टीव्ही असतो, टेप असतो, गावी न्यायच्या ब्लँकेटांचा ढीग असतो. यांच्या खोलीत बंदुकांचे कॅटलॉग होते. बंदूक एकही नव्हती. चाचा बंदूक निवडत होते. मी आले तेव्हा निवडायला सुरुवात करून सात वर्षं झाली होती.

यात वेडेपणा होता, पण वाटतो तेवढा नव्हता. त्या वेळी नियम असा होता की परदेशात राहिलेला माणूस कायमचा घरी परतला आणि त्याच्याकडे गावचं लायसन असलं, तर सामानाबरोबर एक बंदूक आणता येत असे. एक. सोबत पन्नास काडतुसं. पुन्हा संधी नाही. चाचांकडे बापापासून चालत आलेलं शेतसंरक्षणाचं लायसन होतं, त्यावरची ठासणीची बंदूक गंजून गेली होती आणि त्यांच्या रताळ्याच्या शेतात दर वर्षी डुकरं शिरत होती. साठ पूर्ण झाल्यावर कंपनी व्हिसा संपवणार होती. तोवर ठरवायचं होतं. चुकीची बंदूक घेतली तर उरलेला जन्म त्या चुकीकडे बघत काढायचा.

डुक्कर हा शब्द ते उच्चारत नसत. "कालं जनावर" म्हणायचे. मी एकदा विचारलं, "खात नाही, नाव घेत नाही, मग मारता कसं चालतं?"

"मारायचा पुण्य माजा," चाचा म्हणाले. "वरच्या वाडीतले लोक येतात आनि उचलून नेतात. तो त्यांचा प्रश्न. मी बघत पन नाय."

रायफल लिव्हरचीच हवी, हे मात्र ठरलेलं होतं. या रायफलीत चापाभोवती एक लोखंडी कडी असते. ती खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, वर दाबली की नवं आत जातं. बाकीच्या रायफलींना उजव्या अंगाला खिट्टी असते, आणि चाचा डावखुरे होते. मराठी शाळेत मास्तरांनी त्यांचा डावा हात पंच्यानं बाकाला बांधून ठेवला होता. लेथची चाकं उजव्या माणसासाठी, कात्री उजव्या माणसासाठी. जेवायचे तेवढे उजव्या हातानं. खलाशी असताना मोंबासाच्या बंदरावर एका शिकाऱ्यानं त्यांना लिव्हरची रायफल हातात दिली होती, एक बार काढायला. "आयुष्यात पयल्यांदा," ते सांगायचे, "एका वस्तूनं मना विचारला नाय, तुजा हात कंचा." हे सांगताना डाव्या हाताची तीन बोटं आपोआप खाली-वर व्हायची. बसमध्ये, मशिदीच्या पायरीवर, माझ्या स्वयंपाकघरात चहाची वाट बघताना. अनोळखी माणसाला वाटायचं हाताला कंप आहे.

मुलीला ताप होता म्हणून एकदा सलमानिया हॉस्पिटलला गेलो होतो, नवरा ऑफिसात, सोबतीला चाचा. औषधांच्या खिडकीपुढे ही लांब लाइन. चाचांना तिथं शिकवायचा हुरूप आला. "ही लाइन बघ. लिव्हरच्या रायफलीत काडतुसं अशीच नलीत उभी असतात. एकाचा नाक दुसऱ्याच्या पाठीला. पाठीवर काय असतो? टोपी. टोपीला टोचला की बार. आता नाक टोकदार असला आनि मागून धक्का आला तर पुढच्याचा काय होईल?"

"उडेल."

"खलास. म्हनून गोली चपट्या नाकाची." मग आवाज न उतरवता, "आपल्या मागचा ह्या लाइनीत चालनार नाय." मागचे गृहस्थ पुण्याचे निघाले. त्यांना मराठी येत होतं आणि नाक खरंच टोकदार होतं.

गोळी शिशाचीच, घरी ओतलेली, असा दुसरा हट्ट. कारण मला पटलं. कारखान्याची तांब्याचं कवच असलेली गोळी वेगानं जाते, जनावरातून आरपार निघते आणि पुढे कुठं जाईल सांगता येत नाही. "पल्याड वाडी हाय," चाचा म्हणायचे. "पोरं खेलत असतात." मऊ शिशाची गोळी हळू जाते आणि अंगात थांबते. फार मऊ असली तर मात्र नळीतच घसरते. रायफलीच्या नळीला आतून स्क्रूसारखे आटे असतात, ते गोळीला पीळ देतात. शिशानं ते आटे धरले पाहिजेत. म्हणजे कडक हवं, पण किती? इथं चाचांचं गाडं माझ्या दारात येऊन थांबलं.

वर्कशॉपजवळच्या टायरवाल्याकडून ते चाकांना बॅलन्सिंगसाठी लावतात ती शिशाची वजनं डबा भरून आणायचे. मी म्हटलं, यात अँटिमनी असतं, म्हणून साध्या शिशापेक्षा कडक, थोडं कथील घाला म्हणजे साच्यात नीट पसरेल. चाचांनी अंगठ्याचं नख ओढून दाखवलं. "ओरखडा उठला तर मऊ, नाय उठला तर कडक. ह्याला कॉलेज लागतो?" मी माझ्या कॉलेजच्या कंपासपेटीतल्या पेन्सिली आणल्या. टू-बी, एच-बी, एच, टू-एच. कोणत्या पेन्सिलीनं शिशाला ओरखडा उठतो ते बघितलं की कडकपणाचा नंबर मिळतो. चाचांनी टू-एच उचलून स्वतः शिशावर ओढून बघितली. "फर्स्ट क्लास कसा काय हुकला तुजा?" ते म्हणाले. पाच वर्षांत त्यांनी केलेली ही एकमेव स्तुती.

साचा त्यांनी लेथवर जेवणाच्या सुट्टीत कोरला. दर शुक्रवारी सकाळी गच्चीवर शेगडी पेटायची. पहिल्या शुक्रवारी अपघात झाला आणि तो माझ्यामुळं. ती वजनं ग्रीसनं इतकी बरबटलेली होती की माझ्यातली सोलापूरची लेक जागी झाली, आणि मी ती आदल्या दिवशी भांड्याची पावडर लावून स्वच्छ घासून ठेवली. एकाच्या क्लिपेत पाणी राहिलं होतं. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब गेला की काय होतं हे बी.एस्सी.ला माहीत असतं. परीक्षेत आलं असतं तर मी लिहिलंही असतं. कढईतून चंदेरी कारंजं उडालं आणि दोरीवर वाळत असलेल्या घरमालकांच्या दोन पांढऱ्याशुभ्र झग्यांवर ठिपकेच ठिपके.

घरमालक तळमजल्यावर राहणारे बहारीनी, शांत स्वभावाचे. झगे घेऊन वर आले. "ये क्या है?"

त्या दिवसांत गावात पोलिसांचा बंदोबस्त वाढलेला होता. खरं सांगितलं असतं तर चाचा आणि माझा नवरा दोघंही पुढच्या विमानानं घरी गेले असते. चाचांनी बादलीतून एक गोळी काढून तळहातावर धरली. "सिंकर, अरबाब. मछली पकडने का."

घरमालकांनी ती उलटीपालटी केली. झगे ते विसरले. "हमको भी देना. इसमें होल मारो."

ते अट्टल मासेमार निघाले. त्यानंतर वजनात कमी भरलेल्या, एका बाजूनं हवा राहिलेल्या सगळ्या गोळ्या भोक पाडून तळमजल्यावर जायच्या. चपट्या नाकामुळं गळाचा हा भार वाळूत रुततो, वाहून जात नाही, असं त्यांनी सगळ्या मित्रांना सांगितलं. हळूहळू अख्खा किनारा आमच्या नापास गोळ्या वापरायला लागला. "अरबाब, इंशाल्ला फ्रायडे," चाचा जिन्यातून ओरडायचे. नवरा हे ऐकून डोक्याला हात लावायचा.

नवऱ्याची कीव करावी तेवढी थोडी. इथं घरी टपाल येत नाही, कंपनीच्या पेटीत येतं. अमेरिकेतल्या दोन बंदूक-कारखान्यांना मी चाचांच्या वतीनं पत्रं लिहिली होती, नळीतल्या आट्यांची खोली किती, अशी चौकशी करणारी. चांगलं इंग्रजी होतं, मला अजून पाठ आहे. उत्तरं आली ती थेट नवऱ्याच्या साहेबाच्या टेबलावर, आणि एका पुस्तिकेच्या कव्हरवर हरणाच्या शेजारी रायफल उभी. साहेबानं दोन बोटांनी ती पुस्तिका नवऱ्याला दिली आणि विचारलं, तुमचं घरी सगळं ठीक आहे ना.

"माझ्या कंपनीच्या पेटीत बंदुका मागवतेस?" नवरा म्हणाला.

"बंदुका नाही. माहिती."

"व्हिसा गेला तर सोलापूरला जाऊन माहितीच खा."

पण ती पुस्तिका उपयोगाची होती. गोळीच्या अंगावर खाचा असतात, त्यांत वंगण भरावं लागतं. कृती दिली होती. मी मोठ्यानं मराठी करून वाचत होते आणि मध्येच थांबले.

"काय झाला?"

"मेण घ्या म्हणतायत. आणि चरबी."

"कसली?"

"दोन पर्याय दिलेत. एक तुम्हाला चालणार नाही, एक मला."

चाचांना समजायला एक क्षण लागला. मग ते इतके हसले की गच्चीच्या कठड्याला धरून खाली बसले. "सव्वाशे-दीडशे वर्सां झाली, बियेस्सी. अख्खी पलटन उठली होती ह्याच्यावरनं. अजून ह्यांनी कृती बदलली नाय."

आम्ही उठाव केला नाही. मेणात खोबरेल घालून पाहिलं, कारण ते आमच्या दोघांच्याही घरात होतं. गोळ्या सुरेख दिसत होत्या. मग मे महिना आला. गोळ्यांचा डबा मी कपाटावर नवऱ्याच्या फायलींवर ठेवला होता. बहारीनचा मे महिना आणि खोबरेल यांचं काय होतं, हे फायली बघून कळलं. चाचा नुसते म्हणाले, "मापात बोलायचा तर, केमिस्ट्री पातल झाली." शेवटी एरंडेल सुचलं. घट्ट, उन्हात न पळणारं, आणि मुलीच्या पोटासाठी आणलेली अख्खी बाटली घरात होती. मुलगी तेव्हा ईसा टाउनच्या शाळेत जायला लागली होती. आपलं औषध बंदुकीच्या कामी जातंय असं समजल्यावर तिनं इंग्रजीत आनंद व्यक्त केला.

शेवटच्या वर्षात चारेकशे गोळ्यांतून पन्नास निवडल्या. मनामाच्या एका सोनाराकडून काटा आणला होता. चाचा गोळी ठेवायचे आणि म्हणायचे, "आकडा तू वाच. शिकलेली हायस." मला तो मान वाटायचा. ह्या पन्नास गोळ्या त्यांचा केपटाउनचा मामेभाऊ मक्केला उमरा यात्रेसाठी आला होता, तो बहारीनमार्गे परत जाताना गळाचं शिसं म्हणून घेऊन गेला. रायफल तोच तिकडच्या दुकानातून घेणार होता आणि आमच्याच गोळ्यांची पन्नास काडतुसं भरून पाठवणार होता.

फक्त कोणती, ते चाचांनी सांगायचं होतं. आणि इथं बारा वर्षं झाली तरी गाडी पुढं सरकत नव्हती. दोन रायफली उरल्या होत्या. दोन्ही लिव्हरच्या, दोन्ही थर्टी-थर्टी मापाच्या काडतुसाच्या. एकीला ते "वरवाली" म्हणत, कारण ती रिकामं काडतूस वर उडवते. तिच्या नळीत सहा आटे, खोल. दुसरी "बाजूवाली", उजवीकडं उडवणारी, म्हणजे डावखुऱ्याच्या नाकासमोरून. तिच्यात आटे बारा, पण उथळ, आणि ओतीव शिसं उथळ आटे धरत नाही असं पुस्तिकेत स्पष्ट छापलेलं. बाजूवालीचा एकच गुण, तिच्या सपाट डोक्यावर दुर्बीण बसवता येते. वरवालीवर बसत नाही. दुर्बिणीचा विषय निघाला की चाचा झटकून टाकायचे. "दुर्बीन म्हाताऱ्यांना."

कायमचे गावी जायच्या आधीच्या शुक्रवारी ते खाली आले. मंगळवारी केपटाउनच्या मामेभावाचा फोन येणार होता. चहा तसाच थंड झाला. डाव्या हाताची बोटं खाली-वर, खाली-वर.

"बियेस्सी, तू सांग."

"मी? मी आयुष्यात रायफल बघितली नाही."

"मी बघितली, म्हनून तर ठरत नाय."

नवऱ्यानं पेपरातून डोकं वर काढलं आणि परत घातलं. मला माझ्या सगळ्या परीक्षा एकदम आठवल्या. बारा वर्षांची निवड माझ्या स्वयंपाकघरात येऊन पडली होती. मी पुस्तिका घेतली, पेन्सिलींचे आकडे काढले, वीस मिनिटं घेतली. "वरवाली," मी म्हटलं. "गोळी आपली शिशाची आहे. सहा खोल आटे ती धरून ठेवतील. बाजूवालीत घसरेल, नळीत शिसं माखेल, नेम जाईल."

"पक्का?"

"पक्का. लिहून देते."

"इंशाल्ला," चाचा म्हणाले आणि गार चहा पिऊन टाकला. बहारीनमध्ये पाच वर्षं काढून या शब्दाचे किती अर्थ होतात ते मला कळायला हवं होतं.

ते गेले. गच्चीवरच्या खोलीत एक जोडपं राहायला आलं. घरमालक काही शुक्रवार उगीचच वर चक्कर मारून गेले.

सहा महिन्यांनी पत्र आलं, अक्षरं डावीकडं कललेली. रायफल आली होती. मुंबईच्या कस्टमनं चार हेलपाटे घालायला लावले, पण आली. पुढे लिहिलं होतं, "जनावर तिनीसांजेला येतो. मी कडी ओढतो. खडाक् असा आवाज होतो आनि जनावर जो पलतो तो डोंगर चढून जातो. तीन महिने झाले, एक काडतूस उडवला नाय. रतालीं शाबूत. बायको खूश."

मी पत्र दोनदा वाचलं. आनंद व्हायला हवा होता. पण चारशे गोळ्या ओतल्या, पेन्सिली झिजवल्या, एरंडेल संपवलं, नवऱ्याच्या साहेबाकडून शोभा करून घेतली, आणि डुकरं कडीच्या आवाजाला पळतायत. मी उलट टपाली लिहिलं, "चाचा, एक तरी उडवा. शेतासाठी नको, माझ्यासाठी. मला निकाल हवाय."

निकाल त्यांच्या गावचा एक माणूस रजेवरून परत येताना घेऊन आला, आंबोशीच्या पिशवीत, गळाचं शिसं म्हणून. कागदाच्या घडीत एक वापरलेली गोळी. घडीवर दोन ओळी: "बांधाच्या ओल्या मातीत मारली. खनून काढली. बघ."

नाक दबून आणखी चपटं झालेलं, पण अंग धड होतं. मी ती खिडकीत उजेडाला धरली. गोळीच्या अंगावर नळीतल्या आट्यांचे तिरपे ठसे उमटलेले होते, स्वच्छ, कातल्यासारखे. कुठं घसरलेली नाही, कुठं शिसं फासलेलं नाही. केमिस्ट्री पास झाली होती. मी खुशीत ठसे मोजायला लागले. एक, दोन, तीन. सहाला थांबायला पाहिजे होतं. थांबले नाही. नखानं खूण करून पुन्हा मोजले. बारा.

"काय गं?" नवरा म्हणाला.

"बाजूवाली घेतली त्यांनी."

"मग तुला विचारलं कशाला?"

सोनाराच्या काट्यावरचे आकडे ते वर्षभर माझ्याकडून का वाचून घेत होते, ते मला त्या खिडकीत उभं राहून कळलं. नजर अधू झाली होती, दुर्बीण लागत होती. ते सांगायचं नव्हतं. आणि पुस्तिका म्हणत होती की उथळ आट्यांत ओतीव शिसं टिकत नाही, मीही तेच म्हणत होते. दोघींचं न ऐकता त्यांनी एकदाच मिळणारी बंदूक माझ्या गोळीच्या भरवशावर घेतली होती.

मी पोस्टकार्डावर एकच ओळ लिहून धाडली: "चाचा, बारा भरले."

उत्तर आलं, तेही एका ओळीचं: "मोजशील म्हनूनच पाठवली."